रेसिंग कारचं गणित, कॅल्सी मॅथ एरर दाखवतोय, चुकतंय कुठे?

सिडको_अकरावी
रात्री ९:५२

नमस्कार, अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे वेग, त्वरण, विस्थापन असं सगळं डोक्यात बसलेलं आणि आता एकदम व्हेलॉसिटी ॲक्सलरेशन, ते होतंय हळूहळू सवयीने, पण क्लासच्या शीटमधलं हे एक गणित तीन दिवस झाले सुटत नाहीये आणि सरांना विचारायला गेलं की बॅचमध्ये ऐंशी पोरं, नंबरच लागत नाही.

गणित: एक रेसिंग कार वळणातून ताशी ७२ किमी वेगाने बाहेर पडून ६०० मीटर लांब सरळ पट्ट्यावर येते. ड्रायव्हर ६ मी/से² ने वेग वाढवत नेतो, मग एका ठिकाणी ब्रेक मारतो आणि २४ मी/से² ने वेग कमी करतो. पट्टा संपतो तिथे वेग बरोबर ताशी १४४ किमी. तर सगळ्यात जास्त वेग किती झाला, ब्रेक कुठे मारला आणि पट्टा पार करायला किती वेळ लागला?

मी आधी ७२ आणि १४४ तसेच घातले, ते चुकलं हे कळलं, मग मी/से केले, २० आणि ४०. मग व्ही² = यू² + २ ए एस (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण, एस अंतर) मध्ये यू २०, व्ही ४०, एस ६०० टाकलं तर ए = १ आला. पण गणितात तर ६ आणि २४ दिलेत, १ कुठून आला?? मग विचार केला दोन्हीची सरासरी काढू, ६ आणि उणे २४, भागिले २, उणे ९. ते घातलं तर ४०० वजा १०८०० आणि वर्गमूळ काढायला गेले तर कॅल्सीवर मॅथ एरर 😭

मागे उत्तर फक्त एवढंच दिलंय, ताशी २८८ किमी. बाकी दोनाची उत्तरंच नाहीत. कोणी सांगेल का, आणि प्लीज नुसतं उत्तर नको, कुठे चुकतेय ते सांगा.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस
रात्री १०:०५

अगं सोप्पं आहे एवढं टेन्शन कशाला, सुरुवातीचा वेग २०, शेवटचा ४०, सरासरी ३०, अंतर ६००, म्हणजे ६०० भागिले ३० = २० सेकंद. झाला वेळ. बाकीचं आता त्यावरून काढ.

सिडको_अकरावी
रात्री १०:११

पण दादा मग २८८ कसं येणार? मधे गाडी २८८ ला पोचते म्हणजे ८० मी/से, आणि सरासरी फक्त ३०? काहीतरी गडबड वाटतेय

आडगावचे_मास्तर
रात्री १०:३४

बेटा, तुला गडबड वाटली तिथेच अर्धं गणित सुटलं. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं आणि दर वर्षी अर्धा वर्ग हीच चूक करायचा, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा होता, गतीचे नियम. त्यात ती तीन समीकरणं आलेखावरून काढून दाखवली होती आणि एक शब्द होता जो सगळे वाचतात आणि सगळे सोडून देतात. एकसमान त्वरण. ही तिन्ही समीकरणं फक्त तेवढ्याच वेळापुरती चालतात जेवढा वेळ त्वरण बदलत नाही. तुझ्या गणितात ड्रायव्हरने ॲक्सलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर ठेवला त्या क्षणी एक प्रवास संपला आणि दुसरा सुरू झाला. तू दोन प्रवासांना एकच तिकीट काढतेयस. नाशिकहून सिन्नर आणि सिन्नरहून शिर्डी अशा दोन बस असतील तर हिशोब दोन वेगळे, आणि जोडणारी गोष्ट एकच, सिन्नरचं स्टँड. इथे सिन्नरचं स्टँड म्हणजे तो सगळ्यात जास्त वेग. पहिल्या भागाचा शेवटचा वेग तोच दुसऱ्या भागाचा सुरुवातीचा वेग, कारण गाडीचा वेग काही उडी मारून बदलत नाही.

आता त्या वेगाला व्ही म्हण. माहीत नाही, नसू दे, नाव देऊन टाक.

पहिला भाग: सुरुवात २०, शेवट व्ही, त्वरण ६. अंतर = (व्ही² − ४००) / १२.
दुसरा भाग: सुरुवात व्ही, शेवट ४०, त्वरण उणे २४. अंतर = (१६०० − व्ही²) / (−४८), म्हणजेच (व्ही² − १६००) / ४८. इथे चिन्हाची भीती वाटते पोरांना, वरचं उणं आणि खालचं उणं दोन्ही जातात, अंतर धनच येतं. उणं आलं तर समजायचं कुठेतरी चिन्ह खाल्लं.

दोन्हीची बेरीज ६००. सगळ्याला ४८ ने गुण:
४ (व्ही² − ४००) + (व्ही² − १६००) = २८८००
५ व्ही² = ३२०००
व्ही² = ६४००, व्ही = ८० मी/से. ८० ला ३.६ ने गुण, ताशी २८८ किमी.

पहिल्या भागाचं अंतर आता ६००० / १२ = ५०० मीटर, म्हणजे ब्रेक ५०० मीटरवर, पट्ट्याचे शेवटचे १०० मीटर शिल्लक असताना. वेळ: ६० / ६ = १० सेकंद आणि ४० / २४ = १.६७ सेकंद, एकूण ११.६७.

आणि हो, सीईटीला कॅल्सी नाही मिळत हां, आत्तापासून सवय मोड. ७२ आणि १४४ भागिले ३.६ हे तोंडी यायला हवं. ३६ म्हणजे १०, तेवढं लक्षात ठेवलं की ७२ म्हणजे २०, १०८ म्हणजे ३०, १४४ म्हणजे ४०.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस
रात्री १०:४१

सर चुकलो 🙏 पण सरासरीचं सूत्र तर आहेच ना, (यू + व्ही) / २, मी ते कुठून हवेतून नाही काढलं

आडगावचे_मास्तर
रात्री १०:५८

सूत्र आहे, पण तेही एकसमान त्वरणाचंच अपत्य. आलेख काढ म्हणजे दिसेल. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. गाडी २० वरून सुरू होते, दहा सेकंद तिरकी रेघ वर ८० पर्यंत, मग पावणेदोन सेकंदाच्या आत एकदम खडी उतरण ४० पर्यंत. कौलारू घराचं छप्पर एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असतं तसं. रेघेचा चढ म्हणजे त्वरण, आणि रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. दोन समलंब चौकोन आहेत. पहिल्याचं (२० + ८०) / २ गुणिले १० = ५००. दुसऱ्याचं (८० + ४०) / २ गुणिले १.६७ = १००. बघ, तुझंच सरासरीचं सूत्र दोनदा वापरलं, पण प्रत्येक तुकड्यात वेगळं.

तू काय केलंस, तर छप्पर काढूनच टाकलंस आणि २० पासून ४० पर्यंत सरळ पत्रा टाकलास. खरी सरासरी ६०० / ११.६७ म्हणजे ५१ च्या वर जाते, ३० नाही.

सिडको_अकरावी
रात्री ११:०९

सर खूप खूप धन्यवाद, छप्पर काढलं वहीत आणि एकदम दिसलं. पण एक राहिलंच, माझा तो ए = १ आला तो काय होता मग? तो निव्वळ कचरा होता का, कारण गणित म्हणून तर बरोबर सोडवलं होतं

टायर_जळाला
रात्री ११:२७

कचरा नाही गं तो, भारी गोष्ट आहे खरंतर. मी इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये होतो म्हणून असल्या गोष्टींचा किडा आहे डोक्यात. ६ ने ५०० मीटर, उणे २४ ने १०० मीटर. आता सरासरी काढ पण अंतराचं वजन देऊन: (६ × ५०० − २४ × १००) / ६०० = ६०० / ६०० = १. आला की नाही तुझा १! तू नकळत अंतरावर घेतलेली सरासरी काढली होतीस. आणि वेळेचं वजन देऊन काढली तर (६ × १० − २४ × १.६७) / ११.६७ = १.७१ येते, हीच पुस्तकातली सरासरी त्वरणाची व्याख्या, वेगातला फरक भागिले वेळ, २० / ११.६७. उणे ९ मात्र कशाचीच सरासरी नाही कारण तू दोन्ही भागांना सारखंच वजन दिलंस, एक दहा सेकंदाचा आणि दुसरा पावणेदोनाचा पण नाही.

आता तुझ्याच गणितात एक खेळ कर, आम्हाला आमच्या टीमच्या सिनिअरने हे करायला लावलं होतं आणि तेव्हापासून माझा रेसिंगकडे बघायचा डोळाच बदलला.

खेळ पहिला, समज गाडीचा टॉप स्पीडच ७० मी/से आहे, ८० ला जातच नाही. म्हणजे ताशी ३६ किमी कमी, केवढी मोठी गोष्ट वाटते. आता तीन तुकडे: २० ते ७० ला ८.३३ सेकंद आणि ३७५ मीटर, शेवटी ७० ते ४० ला १.२५ सेकंद आणि ६८.७५ मीटर, मधले उरलेले १५६.२५ मीटर सत्तरनेच, २.२३ सेकंद. एकूण ११.८२ च्या आसपास. आधी ११.६७ होते. म्हणजे ३६ किमी/ता गमावून गेलं फक्त ०.१५ सेकंद.

खेळ दुसरा, टॉप स्पीडला हात लावू नको, फक्त वळणातून बाहेर पडताना २० ऐवजी २२ ने पड. ताशी ७ किमी. ५ व्ही² आता ३२३३६ होतं, व्ही ८०.४२, वेळ ९.७४ अधिक १.६८, एकूण ११.४२. वाचले जवळजवळ पाव सेकंद!

म्हणून ड्रायव्हर लोक वळणात आधीच हळू होतात, गाडी नीट लावून घेतात आणि लवकर ॲक्सलरेटर दाबून बाहेर पडतात, कारण बाहेर पडतानाचा तो जास्तीचा वेग अख्ख्या पट्टाभर सोबत असतो आणि सर्वात जास्त वेग तर फक्त शेवटच्या घडीपुरता. टीव्हीवर सगळे स्क्रीनवरचा ३२० आकडा बघत बसतात, मी वळणाचा शेवट बघतो.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस
रात्री ११:३३

काय बोलता, ३६ किमी गेले आणि ०.१५?? मी कॅल्सी घेऊन परत केलं, खरंच येतंय भो

पण मग प्रत्यक्षात असं असतं का, ६ म्हणजे ६ च, दहा सेकंद एकसारखं?

टायर_जळाला
रात्री ११:५१

नाही ना, तेच तर सांगायचं होतं पण तिचं गणित आधी नीट होऊ दे म्हटलं. खऱ्या गाडीत त्वरण वेगाबरोबर पडत जातं. कारण इंजिनची पॉवर ठरलेली, आणि पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. वेग दुप्पट झाला की त्याच पॉवरमध्ये बल निम्मं. म्हणजे खालच्या वेगाला इंजिन भरपूर ढकलू शकतं पण टायरच घसरतात, मर्यादा टायरची, आणि वरच्या वेगाला टायरला काही नाही पण इंजिन पुरत नाही, वरून हवेचा विरोध, तो तर वेगाच्या वर्गाने वाढतो. फॉर्म्युला वनची गाडी हजार हॉर्सपॉवरच्या आसपास आणि वजन ड्रायव्हरसकट आठशे किलोच्या जवळपास, हिशोब कर: ८० मी/से ला पॉवरमधून मिळणारं बल साडेनऊ हजार न्यूटनपेक्षा कमी, म्हणजे त्वरण १२ च्या आत, आणि त्यातूनही हवा तिचा वाटा खाते. २० मी/से ला त्याच पॉवरने ४६ येईल कागदावर, पण टायर ते जमिनीला देऊच शकत नाही.

आमची गाडी बारकी, कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेला फॉर्म्युला भारतला, म्हणजे कॉलेजच्या टीमनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेला, घेऊन गेलेलो. तिथे एक इव्हेंट असतो, ७५ मीटर सरळ, थांबलेल्या गाडीपासून, बस्स. आमचे ४.९ सेकंद आले. मी हॉटेलवर रात्री टिश्यू पेपरवर काढलं, ए = १५० / २४ = ६.२५, शेवटचा वेग ३०.६ मी/से, म्हणजे ताशी ११०. एकदम खूश. आणि डेटा लॉगर, म्हणजे गाडीतला वेग नोंदवणारा डबा, उघडला तर ताशी ९४! मला वाटलं सेन्सर गंडलाय, पोराला झोपेतून उठवला ज्याने तो बसवला होता, तो डोळे चोळत बघतो आणि म्हणतो सेन्सर बरोबर आहे, तुझं एकसमान गंडलंय. लॉगरची रेघ सुरुवातीला खडी होती आणि पुढे वाकत वाकत चपटी होत गेलेली. सुरुवातीलाच जास्त वेग मिळाल्यामुळे अंतर लवकर कापलं, शेवटी वेग मात्र सूत्राएवढा नाही.

ब्रेकचं उलट असतं. चारही चाकं काम करतात, हवा पण मदतीला, त्यामुळे ब्रेकचा आकडा नेहमी मोठा. तुमच्या शीटमध्ये २४ दिलंय ते ऐकायला अचाट वाटतं पण फॉर्म्युला वनमध्ये मोठ्या वेगाला ५ जी, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या पाचपट, पर्यंत जातं, म्हणजे ४९ च्या घरात. २४ म्हणजे अडीच जी च्या पण खाली, तसं मवाळच.

अंबड_सेटर
रात्री १२:१४

सेकंड शिफ्ट सुटून घरी आलो आणि हे वाचत बसलो, बायको म्हणते जेव आधी. मी व्हीएमसी सेटर आहे अंबडला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं होल पाडायचं, धातू कापायचं मशीन लावून देतो, कॉलेजला डिप्लोमा. मला हे छप्पर रोज दिसतं हो.

मशीनचा टेबल रॅपिडने, म्हणजे काही न कापता नुसता जोरात, पळतो ना, जी झिरो कमांड दिली की, तो पण असाच, आधी वेग वाढवतो, मग सपाट पळतो, मग थांबायच्या आधी कमी करतो. आमच्या मशीनचं रॅपिड मिनिटाला ३० मीटर, म्हणजे अर्धा मीटर सेकंदाला. त्वरण समजा ५. मग पूर्ण वेगाला पोचायला ०.१ सेकंद आणि २५ मिलिमीटर, थांबायला परत २५. आता दोन होलमधलं अंतर ४० मिलिमीटर असेल तर? ५० लागतात आणि ४० च आहेत, म्हणजे रॅपिड ३० ला पोचतच नाही, अर्ध्यात वळून ब्रेक. छपराचं शिखर असतं पण गच्ची नसते.

मॅनेजर नवीन मशीन घ्यायला निघाले होते, रॅपिड ४८ वाली, म्हणे सायकल टाइम खूप कमी होईल. मी म्हटलं साहेब आपल्या पार्टवर होल जवळजवळ आहेत, वेग वाढवून काही होणार नाही, त्वरण बघा त्याचं. ते हसले. मशीन आलं, सायकलमागे कमी झाले दोन सेकंद. वरच्या दादांचं ते टॉप स्पीडचं वाचलं आणि एकदम तेच आठवलं.

आडगावचे_मास्तर
सकाळी ६:४०

वा! सेटर साहेब, हे उदाहरण माझ्या वर्गात असतं तर माझे निम्मे कष्ट वाचले असते.

सिडको_अकरावी
दुपारी ४:२०

सगळ्यांना थँक्यू, आज कॉलेजला मैत्रिणींना छप्पर काढून दाखवलं 😄 आता एक शेवटचा प्रश्न, वळणाचा. शीटमध्ये विचारलंय की कार ४० मी/से ने ८० मीटर त्रिज्येच्या वळणात जाते आणि वेग तेवढाच ठेवते, तर त्वरण किती. मी शून्य लिहिलं, काटा ४० वरच आहे मग त्वरण कसलं. उत्तर २० दिलंय.

टायर_जळाला
दुपारी ४:४८

काट्याला फक्त चाल कळते, दिशा कळत नाही. चाल आणि वेग यात फरक काय असं नववीत दोन मार्कांना असायचं ते इथे कामाला येतं. वेगाची दिशा बदलली तरी त्वरण आहे, आणि ते वळणाच्या आतल्या बाजूला, केंद्राकडे. व्ही² / आर, १६०० / ८० = २०.

कसारा घाटात एसटीत उभी राहिलीयेस ना कधी? ड्रायव्हर वेग बदलत नाही तरी आपण बाहेरच्या खिडकीवर जाऊन आपटतो. ताशी ३६ ने आणि २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर १०० / २५ = ४ मी/से², तेवढ्यातच हातातली पिशवी जाते. तिथे २० म्हणजे पाचपट, रेसिंगवाल्यांची मान उगाच जाड नसते.

आणि एक, टायरची पकड एकच असते, तीच वळायला, तीच ब्रेकला, तीच पळायला. सगळी पकड वळण्यात खर्च झाली तर ॲक्सलरेटर दाबायला काही उरत नाही. म्हणून वळण उघडत जाईल तसतसा पाय दाबायचा.

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस
दुपारी ५:०२

नाशिकच्या द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये व्ही कायम शून्यच असतो त्यामुळे तिथे त्वरणाची काळजी नाही 😂

आडगावचे_मास्तर
संध्याकाळी ६:१५

एक गणित माझ्याकडून, गृहपाठ समज. एक कार ५० मी/से या एकसारख्या वेगाने स्टार्ट लाइन ओलांडते, त्याच क्षणी लाइनवर उभी असलेली दुसरी कार ५ मी/से² ने सुटते. दुसरी पहिलीला कधी गाठेल आणि तेव्हा तिचा वेग किती? सूत्र नको, आधी आलेखावर बघ. एकाचा आयत, दुसऱ्याचा त्रिकोण, गाठलं म्हणजे अंतर सारखं म्हणजे क्षेत्रफळ सारखं, आणि पाया एकच. मग त्रिकोणाची उंची किती असायला हवी?

ते झालं की दुसरा भाग, दुसऱ्या कारचा ड्रायव्हर झोपाळू आहे, दोन सेकंद उशिरा सुटतो.

सिडको_अकरावी
रात्री ८:३७

पहिला भाग तर तोंडी आला सर!! त्रिकोणाची उंची आयताच्या दुप्पट, म्हणजे १००, आणि ५ ने वाढतोय म्हणजे २० सेकंद, अंतर १००० मीटर. म्हणजे गाठताना मागून येणारी नेहमी दुप्पट वेगात असते, त्वरण कितीही असो. हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या भागात मी वेळ पहिली कार लाइन ओलांडते तिथून मोजली, तर दुसरी फक्त टी − २ सेकंद पळते. ५० टी = २.५ (टी − २)². सोडवलं तर टी² − २४ टी + ४ = ०. पण याची दोन उत्तरं येतात, २३.८३ आणि ०.१७. दोन्ही धन आहेत, उणं असतं तर खोडलं असतं. आता कुठलं लिहू?

पाथर्डीफाटा_एक्सप्रेस
रात्री ८:४४

यावेळी मी बरोबर सांगतो, ०.१७ खोड. ०.१७ सेकंदाला तो झोपाळू अजून लाइनवर झोपलेलाच आहे, दोन सेकंदांनंतर सुटणार ना. तुझं सूत्र टी दोनपेक्षा मोठा असेल तेव्हाच खरं, त्याआधी (टी − २) उणं आहे आणि वर्ग केल्यामुळे ते उणं लपलंय. बरोबर ना सर?

आडगावचे_मास्तर
रात्री ९:०३

बरोबर. पैकीच्या पैकी. आणि बेटा, गाठतानाचा वेग पण काढ, ५ गुणिले २१.८३.

सिडको_अकरावी
रात्री ९:०९

१०९ मी/से. म्हणजे ताशी ३९३?? आणि आता दुप्पट पण नाही राहिला. दोन सेकंद उशीर केला तर गाठायला जवळजवळ चार सेकंद जास्त लागले

अंबड_सेटर
रात्री १२:२०

आज शिफ्टला जाताना मी पण पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला दोन सेकंद उशिरा सुटलो, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायला ०.१७ च घेतले